फिरत्या द्रवातले बुडबुडे आणि केएलए: मोजणीची पायरी-पायरीने वाट

काचेच्या उभ्या भांड्यात पाणी घ्या, बॅफल (भिंतीलगतच्या उभ्या अडथळा-पट्ट्या) काढून ठेवा, मधला इंपेलर, म्हणजे ढवळणारा पंखा, ३०० आरपीएमवर (मिनिटाला ३०० फेरे) चालवा आणि तळातल्या स्पार्जरमधून, म्हणजे हवा सोडणाऱ्या छिद्रांच्या नळीतून, हवा सोडा. स्पार्जरमधून सुटलेले बुडबुडे सरळ वर येत नाहीत. ते तिरके होतात, आत ओढले जातात आणि दांड्याभोवती जमून पांढऱ्या दोरीसारखा पट्टा तयार होतो. भिंतीलगतचे पाणी मात्र नितळच राहते. आता विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा डीओ प्रोब त्या दोरीत बुडवला तर एक आकडा येईल, भिंतीलगत बुडवला तर दुसरा. यातला खरा केएलए (वायूतला ऑक्सिजन द्रवात किती झपाट्याने जातो त्याचे माप) कोणता?

हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. बॅफल लावलेल्या नेहमीच्या फर्मेंटरसाठी (पेशी किंवा जिवाणू वाढवायच्या टाकीसाठी) लिहिलेली कृती फिरत्या प्रवाहाच्या भांड्यात जशीच्या तशी वापरली की आकडा छान येतो, आलेखही गुळगुळीत दिसतो, पण पेशी टाकल्यावर ऑक्सिजन पुरत नाही. या भांड्यांमध्ये आधी बुडबुडे कुठे आहेत, केवढे आहेत आणि किती वेळ थांबतात ते बघायचे, आणि मगच मोजणीला हात घालायचा. खालची सगळी कृती याच क्रमाने आहे.

आधी गरज किती, ते काढा

वायूतून द्रवात ऑक्सिजन जाण्याचा वेग = केएलए × (संपृक्त संहती − द्रवातली प्रत्यक्ष संहती). संपृक्त संहती म्हणजे द्रवात जास्तीत जास्त मावणारा ऑक्सिजन. यातला ‘केएल’ म्हणजे बुडबुड्याच्या पृष्ठभागावरून ऑक्सिजन द्रवात शिरण्याचा वेग आणि ‘ए’ म्हणजे दर घनमीटर द्रवामागे उपलब्ध पृष्ठभाग. दोन्ही वेगवेगळे मोजणे कठीण असल्यामुळे गुणाकारच मोजतात.

ऑक्सिजन पाण्यात फार कमी विरघळतो, सगळी अडचण तिथून सुरू होते. साध्या हवेच्या संपर्कात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८.३ मि.ग्रॅ., आणि ३७ अंशांना सुमारे ६.७ मि.ग्रॅ., म्हणजे साधारण ०.२१ मिलिमोल. क्षार आणि साखर असलेल्या माध्यमात त्याहूनही कमी.

समजा प्राणिपेशी मिलिलिटरला एक कोटी आहेत आणि प्रत्येक पेशी तासाला ०.३ पिकोमोल ऑक्सिजन घेते. मागणी झाली तासाला लिटरमागे ३ मिलिमोल. डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) संपृक्ततेच्या ४० टक्क्यांवर ठेवायचा असेल तर ३ ÷ (०.२१ × ०.६), म्हणजे तासाला सुमारे २४ इतका केएलए लागेल. याउलट लिटरमागे १० ग्रॅम कोरडे वजन असलेले, जोमाने वाढणारे ई. कोलाय जिवाणू ग्रॅममागे तासाला १० मिलिमोल ओढत असतील, तर ३० टक्के डीओसाठी हाच हिशोब ६८० च्या घरात जातो. पहिल्या कामाला संथ फिरणारे भांडे चालेल. दुसऱ्या कामाला ते पुरणार नाही, हे कागदावरच कळते. हा हिशोब न करता मोजायला बसू नका.

भांडे कोणत्या जातीचे आहे?

फिरता प्रवाह म्हटले तरी त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात.

बॅफल नसलेले ढवळणारे भांडे पहिले. यात मधला भाग घन वस्तूसारखा एकसंध फिरतो आणि बाहेरचा भाग भोवऱ्यासारखा मंदावत जातो. पृष्ठभाग मध्ये खचतो. ५ सेमी त्रिज्येच्या भांड्यातले सगळे पाणी ३०० आरपीएमने एकसंध फिरले तर मध्य आणि कडा यांच्या पातळीत सुमारे १२.५ सेमी फरक पडेल. प्रत्यक्षात पाणी इंपेलरपेक्षा मागे राहते, म्हणून खड्डा कमी असतो. पण तो इंपेलरपर्यंत पोचला की वरची हवा आत खेचली जाते, इंपेलरवरचा भार एकदम उतरतो आणि केएलए उडी मारतो. ही अवस्था अस्थिर असते. इथे घेतलेला आकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा येत नाही.

दुसरे म्हणजे एकात एक बसवलेली दोन नळकांडी, ज्यात आतले फिरते. ठरावीक वेगाच्या पुढे फटीत एकावर एक रचलेली, मेदुवड्यासारखी गोल भोवऱ्यांची वलये तयार होतात. जी. आय. टेलरने याचे गणित १९२३ मध्ये मांडले. वायूचे शोषण दोन पातळ थरांतून होते ही डब्ल्यू. जी. व्हिटमनची कल्पनाही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, आणि आज या भांड्यात दोन्ही एकत्र नांदतात. इथे बुडबुडे आतल्या नळकांड्याकडे आणि वलयांच्या गाभ्यात जमतात. बाहेरून बघितले तर बांगड्या चढवल्यासारखे दिसते. एका वलयातला द्रव दुसऱ्यात सहज जात नाही, त्यामुळे एका उंचीवरचा प्रोब दुसऱ्या उंचीबद्दल काही सांगत नाही. दोन उंचींवर दोन प्रोब हवेतच.

तिसरे, भिंतच फिरणारे आडवे भांडे. हे नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये विकसित झाले. यात बुडबुडा हा शत्रू समजा. भांडे काठोकाठ भरतात, ऑक्सिजन सिलिकॉनच्या पडद्यातून येतो आणि आत शिरलेला एक बुडबुडाही पेशींभोवतीचा शांत प्रवाह बिघडवतो. भरताना दोन तोंडांना दोन सिरिंज लावा, भांडे कलते धरा, एकीने माध्यम हळूच ढकला आणि दुसरीने बुडबुडा ओढून घ्या. पुढची बुडबुड्यांची चर्चा या भांड्याला लागू नाही. प्रोब आणि आलेखाच्या पायऱ्या मात्र लागू आहेत.

बुडबुडे बघायची पायरी

मागून दुधी पडद्यातून एकसारखा उजेड द्या आणि मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने चित्रण करा. गोल काचेतून बुडबुडे ताणलेले दिसतात. भांड्याभोवती पाण्याने भरलेली सपाट बाजूंची चौकोनी पेटी ठेवली की हा दोष जवळपास जातो. बुडबुडे जिथे आहेत त्याच खोलीवर एक मोजपट्टी धरून एक चित्र घ्या, नाहीतर पुढची सगळी मापे चुकतील.

पहिली नोंद जागेची. फिरत्या द्रवात बाहेर दाब जास्त आणि मध्ये कमी असतो, म्हणून हलका बुडबुडा आत ढकलला जातो. पाणी ३०० आरपीएमने एकसंध फिरत असेल तर मध्यापासून १ सेमीवर हा आतला रेटा गुरुत्वाकर्षणाइतका भरतो आणि ५ सेमीवर त्याच्या पाचपट. याचा अर्थ भिंतीजवळ सुटलेला बुडबुडा वर जाण्याआधी आतच जाईल. स्पार्जरचे कडे कितीही रुंद घेतले तरी दोरी मध्येच होणार.

दुसरी नोंद आकाराची. निदान दोन-तीनशे बुडबुड्यांचे व्यास मोजा, पण साधी सरासरी काढू नका. व्यासांच्या घनांची बेरीज भागिले वर्गांची बेरीज, हा साउटर व्यास लागतो. फरक केवढा पडतो ते बघा: १ मिमीचे १०० बुडबुडे आणि ५ मिमीचे फक्त ५. साधी सरासरी येते १.२ मिमी, आणि साउटर व्यास (१०० + ६२५) ÷ (१०० + १२५), म्हणजे ३.२ मिमी. ते पाच मोठे बुडबुडेच बहुतेक वायू घेऊन बसलेले असतात.

बारीक बुडबुडे केले की केएलए वाढतोच, असे सरसकट धरले जाते. इथे जरा थांबायला हवे. दर घनमीटरमागचा पृष्ठभाग = ६ × वायूचा अंश ÷ साउटर व्यास. द्रवात २ टक्के वायू आणि ४ मिमीचे बुडबुडे असतील तर पृष्ठभाग ३० चौरस मीटर येतो, १ मिमीचे केले तर १२०. चौपट झाला. पण मोठ्या, डुलत जाणाऱ्या बुडबुड्याचा पृष्ठभाग सतत नवा होत असतो. त्याचा केएल सेकंदाला साधारण ०.०००४ मीटर भरतो. लहान बुडबुडा कडक गोळ्यासारखा वागतो, आणि त्याचा केएल सुमारे ०.०००१ पर्यंत उतरतो. गुणाकार दोन्हीकडे सेकंदाला ०.०१२, म्हणजे तासाला सुमारे ४३! पृष्ठभागात कमावलेले केएलमध्ये गेले. लहान बुडबुड्यांचा खरा फायदा ते हळू चढतात, जास्त वेळ थांबतात आणि त्यामुळे द्रवातला वायूचा अंश वाढतो, यातून येतो.

आणि फिरत्या प्रवाहात हाच फायदा उलटतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सरळ चढणारा १ मिमीचा बुडबुडा २५ सेमीचा प्रवास दोनेक सेकंदांत संपवतो. तेवढ्या वेळात त्याच्यातला ऑक्सिजन फारसा कमी होत नाही. पण दोरीत किंवा वलयाच्या गाभ्यात अडकलेला बुडबुडा मिनिटभर तिथेच राहू शकतो. द्रवात ऑक्सिजन जवळपास नसेल, तर १ मिमीच्या बुडबुड्यातला सुमारे दोन-तृतीयांश ऑक्सिजन साधारण एका मिनिटात निघून जातो. ०.२ मिमीचा असेल तर १५ सेकंदही लागत नाहीत. उरतो तो नायट्रोजनचा गोळा. चित्रात तो दिसतो, वायूच्या अंशात मोजला जातो, पृष्ठभागाच्या हिशोबातही येतो. देत मात्र काहीच नाही. म्हणून तिसरी नोंद थांबण्याच्या वेळेची करा: हवा एकदम बंद करा आणि दोरी विरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघा.

द्रव कोणता घ्यायचा

नुसत्या शुद्ध पाण्यात मोजू नका. पाण्यात बुडबुडे एकमेकांना भिडले की जुळून मोठे होतात. मीठ लिटरमागे साधारण ०.१ मोलच्या आसपास गेले की हे जुळणे खूपच कमी होते, आणि पेशींच्या बहुतेक माध्यमांत तेवढे क्षार असतातच. यांत्रिक शक्ती घनमीटरमागे १००० वॅट आणि वायूचा पोकळ वेग (वायूचा प्रवाह भागिले भांड्याचा आडवा छेद) सेकंदाला ५ मिमी धरून संशोधक व्हान्ट रीट यांची १९७९ ची दोन सूत्रे वापरा: बुडबुडे जुळणाऱ्या द्रवाला केएलए तासाला सुमारे १०५ येतो, न जुळणाऱ्याला ३१४. तेच भांडे, तीच मोटर. ही सूत्रे ढवळणाऱ्या टाक्यांची आहेत, फिरत्या भांड्याला ती लावून आकडा काढू नये. द्रवाने किती फरक पडतो, एवढे मात्र ती ठसठशीत दाखवतात.

प्रत्यक्ष वापरायचे माध्यमच घ्या, पेशींशिवाय. पोलोक्सामर (बुडबुड्यांपासून पेशींना जपणारा पदार्थ) वापरणार असाल तर तोही घाला, आणि फेसरोधक वापरणार असाल तर तोसुद्धा त्याच प्रमाणात. फेसरोधकाचे थोडे थेंबही बुडबुडे जुळवून केएलए बराच खाली आणतात.

प्रोबची परीक्षा

प्रोब नायट्रोजनने धुतलेल्या पाण्यात ठेवा, शून्य स्थिरावू द्या, मग झटकन हवेने संपृक्त, ढवळत्या पाण्यात टाका. ६३ टक्क्यांवर पोचायला लागणारे सेकंद हा त्याचा प्रतिसादकाळ. तो १ ÷ केएलएच्या पाचव्या हिश्श्याहून कमी असावा. केएलए तासाला ६० असेल तर १ ÷ केएलए म्हणजे ६० सेकंद, प्रोब १२ सेकंदांच्या आतला हवा. केएलए ६०० असेल तर प्रोब सव्वा सेकंदाच्या आत प्रतिसाद देणारा लागेल. निर्जंतुक करता येणारे नेहमीचे प्रोब तेवढे चपळ नसतात. तिथे आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायूतल्या ऑक्सिजनचा ताळेबंद मांडावा.

प्रोब थोडा मंद असेल तर दुरुस्ती सोपी आहे: खरा डीओ = दिसणारा डीओ + प्रतिसादकाळ × आलेखाचा त्या क्षणीचा चढ. दिसतोय ५० टक्के, चढ सेकंदाला ०.८ टक्के, प्रतिसादकाळ १० सेकंद, तर द्रवात खरे ५८ टक्के आहेत.

जागेबद्दल: टोक दोरीपासून दूर आणि जिथे प्रवाह टोकावरून सतत वाहतो तिथे असावे. टोक खाली करून सरळ उभा ठेवलेला प्रोब बुडबुडा अडवतो. एकदा माझा आलेख ७० टक्क्यांवरून ९५ वर चढला, दहा सेकंद तिथेच बसला आणि परत ७२ वर आला. काचेला डोळा लावला तेव्हा प्रोबच्या टोकाच्या पडद्यावर मोहरीएवढा बुडबुडा चिकटलेला दिसला. प्रोब द्रवाबद्दल काही सांगतच नव्हता, त्या बुडबुड्यातली हवा मोजत होता. टोक कलते ठेवल्यावर हा त्रास थांबला.

प्रत्यक्ष मोजणी

तापमान स्थिर करा. हवा चालू ठेवून डीओ १०० वर कॅलिब्रेट करा. मग नायट्रोजन सोडून डीओ ५ टक्क्यांखाली आणा.

आता नेहमीची कृती सांगते की नायट्रोजनच्या जागी हवा सुरू करा आणि डीओ चढताना नोंदवा. फिरत्या भांड्यात यामुळे दोन चुका एकदम होतात. वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरलेला असतो, आणि खचलेल्या रुंद पृष्ठभागातून बराच वायू येत-जात असल्याने तो द्रवातला ऑक्सिजन वर ओढून घेतो. शिवाय दोरीत अडकलेले नायट्रोजनचे बुडबुडे आतून तेच करतात. दोन्हींमुळे केएलए खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो.

म्हणून नायट्रोजन बंद करा, फिरणेही बंद करा. बुडबुडे वर निघून जाऊ द्या. तुम्ही मघाशी मोजलेला विरण्याचा वेळ इथे उपयोगी पडतो. मग वरची जागा हवेने धुवून काढा, निदान तिच्या आकारमानाच्या तीन-चारपट हवा जाऊ द्या, पण झोत द्रवावर आपटू देऊ नका. नंतर फिरणे आणि खालची हवा एकाच क्षणी सुरू करा. दर सेकंदाला नोंद घ्या.

द्रवाला पूर्ण वेग यायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीचा भाग सोडा. ३० ते ८५ टक्क्यांमधला भाग घ्या, आणि तिथेही भोवऱ्याचा आकार स्थिरावला असल्याची डोळ्यांनी खात्री करा. संपृक्त डीओ वजा प्रत्यक्ष डीओ यांचा नैसर्गिक लॉग वेळेसमोर मांडला की खाली उतरणारी रेषा मिळते. तिच्या उताराचा आकडा म्हणजे केएलए. समजा डीओ ३० वरून ६५ वर यायला ४० सेकंद लागले. शंभरापासूनचे अंतर ७० चे ३५ झाले, निम्मे. २ चा लॉग ०.६९३, भागिले ४०, म्हणजे सेकंदाला ०.०१७३, तासाला ६२. संपृक्त डीओ १०० आहे असे गृहीत न धरता शेवटपर्यंत थांबून तो खरोखर कुठे स्थिरावतो ते बघा. तो ९७ वर थांबला आणि तुम्ही १०० धरलात तर रेषेचे टोक वाकते.

प्रत्येक स्थितीला तीनदा मोजा. नंतर एकदा नेहमीच्या पद्धतीने, फिरणे न थांबवताही मोजा. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर अडकलेले बुडबुडे किंवा वरची जागा यांचा वाटा मोठा आहे, आणि ही माहिती केएलएइतकीच मोलाची आहे.

तापमान बदलले तर दर अंशाला १.०२४ ने गुणण्याचा रिवाज आहे. २० अंशांचा आकडा ३७ अंशांना सुमारे दीडपट होतो. मला विचाराल तर वापरायच्याच तापमानाला मोजावे.

आकडा कमी पडला तर

आरपीएम वाढवणे हा सर्वांना सुचणारा उपाय. बॅफल नसलेल्या भांड्यात त्याने दोरी आणखी घट्ट होते आणि खड्डा इंपेलरकडे सरकतो. त्याआधी इंपेलर मध्यापासून थोडा बाजूला सरकवून बघा. समरूपता मोडली की दोरी तुटते, बुडबुडे पसरतात, आणि बॅफलमागे होणारे ताणही टळतात. पेशी सोसणाऱ्या असतील तर सरळ चार बॅफल लावा, भांड्याच्या व्यासाच्या एक-दशांश रुंदीचे.

पेशी नाजूक असतील तर हवेत ऑक्सिजन मिसळा. त्याने केएलए वाढत नाही, पण संपृक्त संहती वाढते आणि प्रवाहाला हात लागत नाही. प्राणिपेशींना इजा प्रामुख्याने बुडबुडे पृष्ठभागावर फुटताना होते, म्हणून हवेचा वेग बेताचा ठेवणेच बरे. मात्र फार कमी हवा आणि अतिबारीक बुडबुडे यांच्या जोडीने कार्बन डायऑक्साइड साठतो. तो ऑक्सिजनपेक्षा वीस-पंचवीसपट जास्त विरघळतो. बारीक बुडबुडा त्याने लगेच भरतो आणि पुढे आणखी घेत नाही. तो बाहेर काढायला एकूण वायूच जास्त लागतो. बारीक आणि थोडे मोठे असे दोन स्पार्जर ठेवून त्यांचा मेळ घालणे मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

मोठ्या भांड्याकडे जाताना

इंपेलरचा आणि भिंतीजवळचा वेग तोच ठेवून भांडे मोठे केले तर आतला रेटा त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात घटतो. ५ सेमीच्या भांड्यात भिंतीजवळ गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट असलेला रेटा ५० सेमीच्या भांड्यात गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्यावर येतो. लहान भांड्यातली दोरी तिथे सैल पडेल, बुडबुडे बव्हंशी वरच चढतील, थांबण्याची वेळ बदलेल आणि केएलएचा आकडाही. लहान भांड्याच्या नोंदवहीत केएलएशेजारी आरपीएम, हवेचा वेग, द्रवाची पातळी, माध्यम, तापमान, प्रोबची जागा, दोरीची रुंदी आणि ती विरण्याचे सेकंद लिहिलेले असले, की मोठ्या टाकीच्या काचखिडकीतून नेमके काय शोधायचे ते पहिल्याच दिवशी ठाऊक असते.